पानिपतची दक्षिण बाजू

हे खरं घडलंय. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. आमच्या पेठेत कुणी कुणाला आग्रह करत नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. नारायण पेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आणि रात्री नाही, भर दुपारी. अख्खं पुणं झोपलेलं असतं, तेव्हा.

अनंतराव म्हणजे माझ्या बायकोचे काका. निवृत्त शिक्षक. घरात ते, सरोजिनीकाकू आणि मुलगा, तिघंच. त्यांना आणि त्यांच्या मुलाला, सलिलला, एकच नाद. मोठ्या फळीवर पानिपत मांडायचं. बोटाच्या पेराएवढे सैनिक, सलिलनेच रंगवलेले. मराठे सलिलचे, अब्दाली अनंतरावांचा. फासे टाकायचे, पट्टीने मोजून सैन्य हलवायचं आणि आपली चाल झाली की फासे समोरच्याच्या बाजूला ठेवायचे. एकेक डाव महिनाभर चाले.

नियम सलिलचे. अब्दालीने दक्षिणेची वाट अडवलेली, मराठ्यांना रसद नाही. म्हणून लढाईविना चाल गेली, की मराठ्यांचं एक पथक उपासमारीने आडवं करायचं. इतिहासाशी लबाडी नको, असं त्याचं म्हणणं.

त्या शनिवारी चाल सलिलची होती. आलोच म्हणून तो बाइकवरून वाघोलीला मित्राकडे निघाला.

आला नाही.

अनंतराव रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचे आहेत. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. त्यांनी डावावर चादर टाकली आणि मुलाचे दिवस केले.

सगळं उरकल्यावर एका दुपारी त्यांनी ती चादर उचलली...

फासे सलिलच्या नाही, अनंतरावांच्या बाजूला होते.

आणि मराठ्यांचं एक पथक... आडवं.

सरोजिनीकाकूंनी तर त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. तिसरं माणूस घरात नाही.

घाबरायला हवं होतं. अनंतराव घाबरले नाहीत. खुर्ची ओढून बसले. अब्दालीचा एक घोडेस्वार जरासा सरकवला, फासे पलीकडे ठेवले, चादर टाकली.

दुसऱ्या दुपारी फासे... पुन्हा अलीकडे.

मग हेच सुरू झालं. हल्ला केला तर डाव संपणार. डाव संपला की सलिल जाणार. म्हणून अनंतराव नुसते घोडे इकडचे तिकडे करत. आयुष्यात पहिल्यांदा ते मुद्दाम वाईट खेळत होते.

रोज एक पथक आडवं होत होतं. ते त्यांना दिसत होतं. पण मनापर्यंत पोचत नव्हतं.

मग स्वयंपाकघरात आवाज यायला लागला.

डब्यांच्या झाकणांचा. एक... मग दुसरं... मग तिसरं. कुणीतरी एकेक डबा उघडून बघावा तसा.

काकूंना वाटलं, अनंतरावच. एका दुपारी आडवं पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "भूक लागते तर ताटावर बसून नीट जेवा. चोरून डबे कशाला चाचपता?"

अनंतराव त्यांच्या शेजारीच पडले होते.

आणि आत... झाकण वाजलं.

दोघंही हलले नाहीत.

तेव्हा अनंतरावांना कळलं. मुलगा जवळ राहावा म्हणून आपण त्याला वेढ्यात कोंडलंय. उपाशी.

त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या. फळीवर मोजकेच मराठे उभे होते.

"वाट द्या त्याला," त्या म्हणाल्या.

"दिली तर जाईल तो."

"पोरगं उपाशी आहे, अहो."

अनंतरावांनी अब्दालीचं सैन्य एकेक करून बाजूला घेतलं. दक्षिणेची सगळी कड मोकळी केली. दक्षिणेला पुणं. वाट मिळाली तर घरीच येईल, एवढीच त्यांची आशा होती. काकू लगबगीने भात लावायला गेल्या.

अनंतरावांनी फासे पलीकडे ठेवले. चादर टाकली.

चादर... हळूच खाली बसली.

त्यांनी उचलून पाहिलं. उभे होते ते सगळे मराठे गेले होते. आडवे तेवढे तसेच पडून होते.

कपाटाखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, जिन्यापर्यंत जाऊन आले. एकही सैनिक सापडला नाही.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं. आत कुकरची अजून शिट्टीही झाली नव्हती.

"भात होईपर्यंत तरी थांबवायचं होतंत त्याला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर डबे वाजले नाहीत. तो कुठे गेला, ते कुणालाच कळलेलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे आता दुपारचा जात नाही.