तक्रार क्रमांक ४१२

साताऱ्यातल्या त्या अरुंद जिन्यावर मी छत्री मिटत होते आणि तो वरून खोकी घेऊन उतरत होता. छत्रीचं सगळं पाणी त्याच्या खोक्यांवर उडालं.

“अहो, टॉर्च आहेत आत! पोहायला नाही शिकवलेलं त्यांना.”

“माफ करा... तक्रार विभाग वर आहे ना?”

“होता. आत्ताच तुम्ही त्याला भिजवलंत.”

मी वर पाहिलं. कपाळावर पाण्याचे चार थेंब, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेलं हसू. मी तक्रार करायला आले होते, म्हणून हसले नाही. पण ठरवून हसले नाही, हे मला आजही आठवतं.

ती कंपनी छापील यादी पाठवून टपालाने माल विकायची. घड्याळं, टॉर्च, मिक्सरची भांडी. माझ्या आत्यासाठी, म्हणजे आक्काताईसाठी, मी त्यांच्याकडून चार चार्जिंगचे सेल आणि एक चार्जर मागवला होता. चातुर्मासात आत्या रोज सकाळी छोटा टेप घेऊन सांगलीतल्या आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायची आणि जमलेल्या बायकांना महाराजांच्या प्रवचनाच्या दोन कॅसेट ऐकवायची. यादीत लिहिलं होतं, सेल तीन तास चालतात. प्रत्यक्षात दुसऱ्या कॅसेटच्या मध्यावर महाराजांचा आवाज रेड्यासारखा जड व्हायचा आणि थांबायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी शेजारी घड्याळ लावून मिनिटं मोजायचे आणि घरी आल्यावर आत्या मला बोलायची.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्याला आले होते, म्हणून सेल बरोबर आणले.

त्याने टेबलापाशी बसून एक सेल छोट्या बल्बला लावला. बल्ब पेटला.

“बघा. चालतोय की.”

“बल्ब संपत आलेल्या सेलवरसुद्धा पेटतो,” मी म्हटलं. “प्रश्न पेटण्याचा नाही, टिकण्याचा आहे.”

“बरं. किती टिकतात?”

“आजकाल त्र्याण्णव मिनिटं.”

“अंदाजे?”

“अंदाजे असते तर दीड तास म्हटलं असतं.”

त्याने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग वही ओढून लिहायला लागला. “तक्रार क्रमांक ४१२. नाव?”

“चंदनबाला मगदूम.”

“पूर्ण लिहायचं? रकाना लहान आहे.”

“मग रकाना मोठा करा.”

त्याने खरंच पट्टी घेऊन रकान्याची रेघ पुढे सरकवली. “मी सम्मेद शेटे. माझं मावतं.” मग जरा ओशाळून म्हणाला, “नियम असा आहे, की महिनाभराच्या नोंदी आल्याशिवाय माल बदलून देता येत नाही. लोक तोंडी काहीही सांगतात.”

“पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी आहेत माझ्याकडे. महिना भरला की आलेख काढून पाठवते.”

“आलेख?” तो म्हणाला. “तक्रारीचा?... पाठवा. नक्की पाठवा.”

जिना उतरताना लक्षात आलं, की मी छत्री वरच विसरले होते. परत गेले तेव्हा तो जिन्याच्या तोंडाशी ती धरूनच उभा होता. तिचं पाणी झटकलेलं होतं.

महिनाअखेर मी सेल परत पाठवले आणि सोबत आलेख. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर मिनिटं. शहाण्णवपासून सुरू होऊन एक्क्याण्णवपर्यंत हळूहळू उतरत आलेली रेघ. पाच दिवसांत नवे चार सेल आले, सोबत टाइप केलेलं पत्र. ‘कु. चंदनबाला मगदूम यांस, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.’ आणि खाली हाताने – ‘ता.क. आपण सातचा आकडा फार सुंदर काढता.’

मी ते पत्र वाचलं आणि वहीत सात आकडा काढून पाहिला. मला तर तो साधाच वाटला. मग पुन्हा काढला.

नवे सेल मात्र सुधारले नाहीत. पहिल्याच दिवशी नव्वद मिनिटांना महाराज थांबले. मी कळवलं. त्याचं उत्तर आलं. मी पुन्हा नोंदी पाठवल्या. पत्रातला टाइप केलेला भाग दर वेळी आक्रसत गेला आणि ता.क. वाढत गेला. त्याच्या टेबलावरून अजिंक्यताऱ्याचा अर्धाच किल्ला दिसतो, उरलेला समोरच्या टाकीने झाकला आहे. त्याची आई त्याला ‘सम्या’ म्हणते आणि ते त्याला आवडत नाही. माझ्या पत्रांना कृष्णेकाठच्या पेठेतल्या हळदीचा वास येतो का, असं त्याने एकदा विचारलं. मी लिहिलं, ‘येत नसावा. हळद पेठेत असते, मी प्रयोगशाळेत.’ पुढचं पत्र मी हळदीच्या डब्याशेजारी रात्रभर ठेवून मग टपालात टाकलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक पत्र आलं. टाइप केलेलं काहीच नव्हतं.

‘तुमचा आलेख भाऊसोंना, म्हणजे आमच्या मालकांना, फारच पटला. त्यांनी तो भिंतीवर लावलाय. या मालाचे सहाशे सेल एक तारखेला परत जाणार. सेल मीच पारखून घेतले होते, त्यामुळे एक तारखेपासून मी शिरवळच्या गोदामात पार्सलं बांधायला. तक्रारींना उत्तरं देणारं टेबल बंद. म्हणजे हे शेवटचं पत्र. आलेखाबद्दल राग नाही, चंदनबाला. तो सुंदरच आहे.’

पत्रात पहिल्यांदाच ‘कुमारी’ नव्हतं. त्या कोऱ्या जागेकडे मी बराच वेळ पाहत बसले. माझ्या अचूकपणाने एका भल्या माणसाची खुर्ची काढून घेतली होती. आणि खरं सांगायचं तर... माझी पत्रंही.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. एरवी मी संध्याकाळी वाचनालयातून परत येते तोवर आत्याच्या खोलीचं दार लागलेलं असतं. दिवस मावळला की ती सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसते. त्या दिवशी वाचनालय बंद होतं. घरात मोकळा प्लग एकच, तोही आत्याच्या खोलीत, म्हणून चार्जर तिथेच असायचा. दुपारी एकला मी सेल लावायचे, सकाळी सातला काढायचे. अठरा तास. माझ्या नोंदींत रोज अठरा तास.

त्या संध्याकाळी दार उघडं होतं. आत्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, दिवा मालवला आणि तितक्याच सहजतेने हात लांबवून चार्जरचं बटण खाली पाडलं.

“आत्या! हे काय केलंस?”

“काय केलं म्हंजे? बंद केलं.”

“रोज करतेस?”

“तर! चातुर्मास लागल्यापास्नं. त्या लाल दिव्यावर चिलटं येत्यात, मरत्यात. कुणाच्या माथी पाप? सकाळी दिस उगवला की परत लावती मी. इसरत न्हाई हां एक दिस.”

म्हणजे सकाळी सातला मी जायचे तेव्हा लाल दिवा पेटलेलाच असायचा!

“मला सांगायचं तरी!”

“तू इचारलंस कवा? तू मिनटं मोजण्यात गुंग. आनि काय गं, ती कंपनी लबाड म्हणून मी समद्या बस्तीत सांगून बसले की...”

मी आलेखाची माझी प्रत आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. सूर्यास्त – जुलैअखेर सात वाजून गेल्यावर. ऑगस्टअखेर पावणेसातच्या सुमारास. आता साडेसहाच्याही आत. रोज थोडा लवकर दिवस मावळत होता, रोज थोडं कमी चार्जिंग होत होतं. माझी उतरती रेघ सेलांची नव्हतीच. सूर्याची होती. नवे सेल जुन्यांनी सोडलं तिथूनच पुढे का चालू लागले, हा प्रश्न मी स्वतःला कसा विचारला नाही! पहिल्या वर्षाच्या पोरीला मी त्यावरून उभं केलं असतं.

चूक पत्रानेही कळवता आली असती. पण पत्र तीन दिवस घेणार, मध्ये रविवार येणार आणि एक तारीख पाच दिवसांवर आलेली. शिवाय दुसरा दिवस क्षमावाणीचा होता. त्या दिवशी आम्ही ज्याला दुखवलं असेल त्याच्यापुढे जाऊन, हात जोडून, उत्तम क्षमा म्हणतो.

“कुठं निघालीस?” पहाटे आत्याने विचारलं.

“साताऱ्याला. क्षमा मागायला.”

“एवढ्या लांब? जवळपास कुणाला दुखवलं न्हाईस का?” तिने माझ्याकडे, मग माझ्या नव्या साडीकडे पाहिलं. “लय मोठा अपराध दिसतोय. जा, जा. आनि माझीबी मागून ये.”

जिना चढून गेले तेव्हा भाऊसो टेबलापाशी उभे होते. जाड मिशी, हातात चहाची बशी. भिंतीवर माझा आलेख, चक्क फ्रेममध्ये. सम्मेद खाली बसून आपले कागद खोक्यात भरत होता. मला पाहून तो उठला आणि खोकं उपडं झालं.

“मीच चंदनबाला मगदूम,” मी भाऊसोंना म्हटलं. “आलेख माझा आहे. मोजमाप बरोबर आहे. अर्थ मी चुकीचा लावला.”

“म्हंजे वो?”

मी फ्रेम उतरवली, काच काढली आणि पर्समधल्या लाल पेन्सिलीने त्याच कागदावर सूर्यास्ताच्या वेळा मांडल्या. दोन रेघा एकमेकींच्या शेजारून, हात धरून उतरत गेल्या. मग आत्याचं, चिलटांचं आणि बटणाचं सगळं सांगितलं. माझी मान खाली होती, पण एकही वाक्य मी गाळलं नाही.

“आयला,” भाऊसो म्हणाले. “म्हंजे सेल चांगले?”

“सेल चांगले. ज्यांनी पारखले त्यांची पारखही चांगली. चूक माझी.”

भाऊसोंनी बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. “सम्या, खोकं सोड रं! बस टेबलाला. सहाशे सेल म्या कुणाच्या तरी आत्यापायी परत धाडत हुतो व्हय!” आणि हसत हसत ते जिना उतरून गेले. खालपर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

आम्ही दोघंच उरलो. मी हात जोडले. “उत्तम क्षमा.”

त्याने उपड्या खोक्यातून एक कागद शोधून माझ्यापुढे ठेवला. माझ्याच आलेखाची नक्कल. त्यावर निळ्या शाईत, माझ्याच लाल रेघेच्या जागी, सूर्यास्ताच्या वेळा.

“तुम्हाला... माहीत होतं?”

“काल रात्री कळलं. आमच्या घरीही आई कॅलेंडरावर फक्त सूर्यास्त बघते आणि मावळलं की चिलटांसाठी दिवे मालवते. भाऊसोंना सकाळीच सांगायचं होतं, पण... तुमचा आलेख चूक आहे, हे तुमच्याआधी त्यांना सांगवेना. म्हटलं, आधी सांगलीला जाऊन तुम्हालाच सांगावं.” त्याने खिशाला हात लावला. “दुपारच्या गाडीचं आरक्षण केलंय.”

“सांगलीच्या गाडीला आरक्षण? कुणी करतं?”

“मी केलं. चुकवायची नव्हती ना गाडी.”

मला हसू आलं आणि या वेळी मी ते अडवलं नाही.

त्याने वही उघडली. तक्रार क्रमांक ४१२. माझ्या नावापाशी ती पट्टीने पुढे सरकवलेली रेघ तशीच होती. “इथे सही करा. तक्रार निकाली.”

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“नाही करत.”

“आता काय तक्रार आहे?”

“सांगितलेलं तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत. कागदावर दोन रेघा जुळल्या म्हणून सिद्ध होत नाही. विभागाने जागेवर येऊन पाहायला हवं. आत्या बटण बंद करताना.” माझे कान तापले होते, तरी वाक्य पुरं केलं. “आणि मग... जेवूनच जायला हवं.”

तो टेबलावरून जरा पुढे झुकला. “आणि विभागाला जागेवर पुन्हा पुन्हा यावंसं वाटलं तर?”

“तर विभागाने आत्याला विचारावं.”

“आणि तक्रारदाराला?”

मी वही माझ्याकडे ओढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं – ‘प्रलंबित. तक्रारदाराची हरकत नाही.’ आणि खाली तारीख, सत्तावीस. सातचा आकडा सावकाश, नीट काढला.

त्याने तो वाचला. मग आकड्यावरून एक बोट फिरवलं, शाई ओली आहे हे ठाऊक असूनही.

“कधी येऊ?”

“आमच्याकडे जेवण दिवसाउजेडी असतं,” मी छत्री उचलत म्हटलं. “आणि सूर्यास्त सध्या रोज पन्नास सेकंद लवकर होतोय. जितका उशीर कराल, तितका कमी वेळ मिळेल.”

त्याने खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. मग माझ्या हातातली छत्री घेतली.

“दुपारच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी आहे,” तो म्हणाला. “मोजून पाहिलंय. साडेपाचपर्यंत पोचतो आपण.”