आतली दीदी

पुरानी बस्तीत देवळाला लागून असलेल्या गल्लीत गंगाधर खेडकरांचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. बाहेर गाइडं आणि कादंबऱ्या. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत कायद्याची, डॉक्टरकीची जाडजूड पुस्तकं. गिऱ्हाईक बघायला क्षमा एकटीच. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली वडिलांची नोकरी सुटल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं.

मार्चमधल्या एका दुपारी कॉलेजचा एक पोट्टा आतून पुस्तक घेऊन आला.

"अंदर वाली दीदी को थैंक्यू बोल देना. उन्होंने ही निकाल के दी."

"आत कोणी नाही."

तो कसनुसा हसला आणि घाईनं निघून गेला. क्षमानं आत जाऊन पाहिलं. भिंतींना चिकटलेली कपाटं, एक स्टूल. दुसरं दार नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात एक वकीलबाई आल्या. "तुमची ती मुलगी बोलत नाही का? पाठ करून उभी असते, नुसतं बोट दाखवते."

आता यांच्याशी काय हुज्जत घालायची, असं वाटून क्षमा बोलून गेली, "हव, मुकी आहे ती."

बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. त्यानंतर त्या मुक्या मुलीची चौकशी केल्याशिवाय एकही गिऱ्हाईक आतून बाहेर येईना.

बोभाटा मालकांपर्यंत गेला. "काहून वो पोरी, मैत्रिणीले आत बसवून राहिली का? मले विचारलं होतं?"

"नाही काका, आईशप्पथ, आत कोणीच नाही."

"मग शरच्चंद्रजी काय खोटं सांगून राहिले? उद्यापासून ती दिसली, तर तूही घरी बस."

शरच्चंद्रजी रेल्वेतून निवृत्त झालेले, दुकानाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. ते खोटं बोलतील, असं क्षमालाही म्हणवेना.

त्याच संध्याकाळी तिनं आतल्या खोलीला कुलूप घातलं. लागेल ते पुस्तक मालक सकाळी स्वतः काढून देऊ लागले. कोणी काही विचारेनासं झालं. क्षमाला पुन्हा दोन घास गोड लागू लागले.

मग एक दिवस भरदुपारी शरच्चंद्रजी आले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काउंटरवर हात टेकून ते नातीच्या परीक्षेचं सांगत होते. सांगता सांगता थांबले. त्यांची नजर क्षमाच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

"काय झालं, काका?"

त्यांनी काउंटरवरचे हात काढून घेतले.

"काही नाही." मग अगदी हळू, "आज हिले बाहेर बसवलं का?"

क्षमानं मागे पाहिलं नाही.

पाठीमागच्या भिंतीवरचा पंखा घरघरत होता. पण मानेला लागणारा त्याचा वारा थांबला होता.