रक्ताची खोटी साक्ष

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमकुंड वसाहतीत एकोणीस माणसं राहत होती. त्यांतल्या यामिनी मडावीला पृथ्वीवर परत पाठवा, असा आदेश सोमवारी सकाळी आला.

यामिनी हिमवेधक होती. विवराच्या कायमच्या सावलीत गाडलेला बर्फ वेधनयंत्राने बाहेर काढायचा आणि त्याच्या थरांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. अकरा महिने खपून ती चाळीस मीटरपर्यंत पोहोचली होती. तळाचा थर आणखी वीस मीटर खाली होता.

"रक्तवाचक यंत्र म्हणतंय, तुझी थायरॉईड बेफाम सुटली आहे," डॉ. सिमॉन लोपीस प्रयोगशाळेत तिला सांगत होते. वसईचे, साठीला टेकलेले हे डॉक्टर वसाहतीत सगळ्यांशी घरच्यासारखे बोलत. "अशा माणसाला इथे राहता येत नाही. शनिवारी यान सुटेल. खाली उतरलीस की किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी जाळून टाकतील."

यामिनीने डोक्यावरची टोपी काढली. भांग बोटभर रुंद झाला होता. "म्हणून जातायत का हे केस?"

जुन्या सवयीने डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. मग पुन्हा एकदा मोजली.

"चोपन्न," ते कपाळाला आठ्या घालत म्हणाले. "बेफाम थायरॉईड असली की नाडी शंभरावर पळते. घाम फुटतो, माणूस वाळतो."

"मी तर फुगलेय. पोशाखाचे पट्टे दोन खाचा सैल केलेत. आणि घाम कसला, इथे मी एकटीच स्वेटर घालून फिरते."

"मग यंत्र आणि शरीर, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. काही औषध घेतेस?"

"नाही."

"गोळी, चूर्ण, काहीही?"

यामिनी घुटमळली. मालवाहू यानातून प्रत्येकाला अर्धा किलो खासगी सामान मागवता येई. बाकीच्यांनी लोणची, चिवडा मागवला होता. तिने काय मागवलं, ते तिने लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं.

"औषध नाही हो. केसांसाठी जीवनसत्त्व. बायोटिन. आधी एक गोळी घ्यायचे, केस गळायचे थांबेनात म्हणून तीन घ्यायला लागले."

डॉक्टरांनी बाटली मागवली, वेष्टन वाचलं आणि ते खुर्चीत बसले. "यामिनी, तू रोज हजार दिवसांचं बायोटिन गिळते आहेस."

"पण जास्तीचं लघवीवाटे निघून जातं ना?"

"जातं की. तुला त्याची बाधा झालीच नाही, झाली ती यंत्राला. रक्तवाचकाच्या पात्राला तळाशी एका प्रथिनाचा लेप असतो. ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं. म्हणून चाचणीच्या रेणूंना बायोटिनची शेपटी जोडलेली असते. शेपटीने ते तळाला चिकटतात आणि चमकतात. ती चमक मोजली की रक्तात संप्रेरक किती ते कळतं. तुझ्या रक्तात सुटं बायोटिनच इतकं, की तळाच्या जागा त्यानेच अडवल्या. चाचणीचे रेणू धुऊन गेले."

"म्हणजे चमक कमी झाली."

"बरोबर. मेंदू थायरॉईडला काम करण्याचा हुकूम देतो, त्या संप्रेरकाच्या चाचणीत चमक कमी म्हणजे हुकूम कमी. थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाची चाचणी उलटी असते. तिथे चमक कमी म्हणजे संप्रेरक जास्त. हुकूम नाही आणि तरी ग्रंथी जोरात! यंत्राने दुसरं काय निदान करावं?"

यामिनीने एकदम मोकळा श्वास घेतला. "म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"ते शुक्रवारी कळेल. तोवर एकही गोळी नको."

चार दिवस ती बर्फाचे थर तपासत राहिली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सामान बांधून ठेवावंच लागलं. शुक्रवारी डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. आकडा उमटला तेव्हा दोघंही यंत्रासमोर उभी होती.

"सत्तेचाळीस," डॉक्टर हळूच म्हणाले.

"किती असायला हवा?"

"चारच्या आत. हा मेंदूचा हुकूम आहे, यामिनी. तो कधीचा ओरडतोय आणि तुझी थायरॉईड ढिम्म हलत नाही. ती बेफाम नाही, सुस्त आहे. म्हणून थंडी, मंद नाडी, अंगावरची सूज. आणि म्हणूनच केस. केस वाचवायला तू जे घेत होतीस, त्यानेच केस का जातायत ते आमच्यापासून लपवलं."

"आणि मी खाली गेले असते तर?"

"उरलीसुरली ग्रंथी जाळली असती. मग संप्रेरकाची गोळी दिली असती. तुझं बायोटिन चालूच, त्यामुळे यंत्र दर वेळी सांगणार, जास्त होतंय, जास्त होतंय. डॉक्टर गोळी कमी करत गेले असते आणि एक दिवस तू बेशुद्धीत गेली असतीस."

त्यांनी कपाटातून एक छोटी डबी काढली. "रोज सकाळी, उपाशीपोटी. माझ्याकडे दोन वर्षांचा साठा आहे. महिनाभरात स्वेटर उतरेल. केसांना मात्र सहा-आठ महिने द्यावे लागतील."

"आणि शनिवार?"

"सुस्त थायरॉईडला इथे मनाई नाही. आकडा खाली कळवतो."

तासाभराने होकार आला. यामिनीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. डोळे पुसत तिने विचारलं, "मग केसांसाठी जीवनसत्त्वं घेऊच नयेत का?"

"कमतरता असेल तर जरूर घ्यावीत. पण आधी ती आहे का ते बघावं, आणि घेत असाल तर डॉक्टरला सांगावं."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी साऱ्या वसाहतीला तसंच आवाहन केलं. अकरा जण ओशाळं हसत आपापल्या बाटल्या घेऊन आले.

शनिवारी यान वेळेवर सुटलं. यामिनीच्या नावाच्या आसनावर चाळीस मीटर खोलीच्या बर्फाची पेटी पट्ट्यांनी आवळून बसवली होती. ती स्वतः विवरात, एकेचाळिसाव्या मीटरवर होती.