सातव्या नियमाचे अठरा दिवस

शाल्मली झेरॉक्सच्या दुकानात उभी होती आणि वीज गेली.

कन्नड पाट्यांनी भरलेली, शिवाजीनगरच्या बसस्टँडमागची ती अरुंद गल्ली. आभाळ भरून आलेलं, भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटत होतं. तिला गुणपत्रिकेच्या तीन प्रती हव्या होत्या. एक निघाली होती, दुसरी यंत्रात अर्धी अडकली होती.

"स्वल्प थांबा," दुकानदार मंजुनाथ अण्णा म्हणाले आणि पेपर उघडून दाराशी बसले.

"आता यांचं स्वल्प म्हणजे किती कोण जाणे," ती मराठीत पुटपुटली.

"अर्धा तास धरून चाला," मागून कुणीतरी मराठीतच म्हणालं. "पाऊस आला तर पाऊण."

तिनं वळून पाहिलं. उंच, सडपातळ मुलगा. हातात मिटलेली छत्री, गळ्यात तिच्याच कॉलेजच्या ओळखपत्राची निळी फीत. हसताना तो खाली बघत होता... जणू हसणं ही जरा खासगी गोष्ट असावी.

त्याचं नाव बसवंत. निपाणीजवळच्या खेड्यातला, इथं मामांकडे राहून वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकत होता. घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे त्याच्या बोलण्याला एक वेगळाच हेल होता. शाल्मली नागपूरची, पण वडिलांच्या नोकरीमुळे वयाच्या चौथ्या वर्षापासून बेळ्ळंदूरच्या पंधराव्या मजल्यावर वाढलेली. मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर, असं तिनं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग तुमच्या घरी जेवण बराच वेळ चालत असणार.

"तुमच्या काय? एकाच वर्षात आहोत आपण. तू म्हण."

"सवय लागायला वेळ लागतो की," तो म्हणाला. "स्वल्प थांबा."

ती खळखळून हसली. मग पाऊस आला आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. तिनं त्याला सांगितलं की या प्रती उमेदवारी अर्जाला जोडायच्या आहेत, ती विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहते आहे. सर्जापूर रोड, बेळ्ळंदूरकडून येणारी मुलं पहाटे निघूनही रहदारीत अडकतात, पाच मिनिटं उशीर झाला की पहिल्या तासाची गैरहजेरी लागते. पहिल्या तासाला पंधरा मिनिटांची सवलत मिळवायची, एवढं एकच तिच्या मनात होतं. तो मन लावून ऐकत होता. पण निवडणुकीच्या वाटेला आपण कधी जात नाही, म्हणाला. दोन्हीकडचे नुसते ओरडतात.

"तुझ्यासारखे लांब राहतात म्हणून त्यांचं ओरडणं चालतं," ती म्हणाली.

तो बराच वेळ छत्रीच्या टोकाकडे बघत राहिला. तेवढ्यात वीज आली, यंत्र घरघरलं, प्रती निघाल्या, आणि समोर तिची बस लागलेली दिसली. ती पळाली. बेळ्ळंदूरच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत बस थांबली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याचा नंबर घेतलाच नाही... असू दे, उद्या कॉलेजात भेटेलच.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरून ती सूचनाफलकापाशी आली. फलकावर नवा कागद होता. विद्यार्थी निवडणूक अधिकारी – बसवंत हुक्केरी.

तिला इतका आनंद झाला की तिनं ते नाव दोनदा वाचलं. म्हणजे आपलं बोलणं त्याला लागलं तर. शेजारी तिची मैत्रीण मनस्विनी उभी होती. अर्जावर सूचक म्हणून तिचीच सही होती. तिनं काही न बोलता कागदाच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. नियम सातवा. अर्ज दाखल झाल्यापासून निकालापर्यंत निवडणूक अधिकाऱ्यानं कोणत्याही उमेदवाराशी बोलू नये. सांगायचं ते लेखी सांगावं, प्रत कृष्णमूर्ती सरांकडे द्यावी.

निकालाला अठरा दिवस होते.

झालं होतं ते असं. निवडणुकीची जबाबदारी कृष्णमूर्ती सरांवर होती, त्यांना या कामासाठी कुठल्याच गटात नसलेला मुलगा हवा होता. त्यांनी बसवंतला विचारलं. त्याच्या कानात कालचं तिचं वाक्य होतं, आणि खरं सांगायचं तर मनात एक हिशेबही होता – हे काम घेतलं तर ती रोज दिसेल, रोज बोलता येईल. तो लगेच कन्नडमध्ये "सरी, सर", म्हणजे ठीक आहे सर, म्हणाला. नियमांची पुस्तिका हातात पडली ती त्यानंतर. सातव्या नियमापाशी तो थांबला तेव्हा सरांनी विचारलं, काही अडचण आहे का? नाही सर, तो म्हणाला. आता काय म्हणणार?

प्रचार सुरू झाला. प्रत्येक वर्गात उमेदवाराला पाच मिनिटं मिळत. शाल्मली फळ्यापुढे उभी राहून बोले आणि बसवंत दारात घड्याळ घेऊन उभा राही. शेवटचं मिनिट उरलं की तो उजवा हात वर करी. चार मिनिटं ती सुरेख बोले. तो हात वर झाला की मात्र तिचं वाक्य कुठेतरी अडखळायचं... मनगटावर शाईचा डाग होता, तो कालही होता का? बाही दुमडलेली होती, ती एकीकडे जास्त का?

"तू मुलांकडे बघून बोल," मनस्विनी दोन दिवसांनी म्हणाली. "दाराला मत नाहीये."

आणि ते खरंच होतं. निवडणूक अधिकाऱ्याला मतदान करता येत नसे.

तो तिच्याकडे बघत नसे. जिन्यात ती समोरून आली की कठड्याकडे सरकून खाली मान घालून उभा राही. विरोधी उमेदवार निहार आला तरी तसाच सरकून उभा राही. दोघांना अगदी सारखा. तिला त्याचं कौतुक वाटे, आणि रागही येई. कुणाला इतकं सारखं वागवता येतं का?

पाचव्या दिवशी तिला पहिली नोटीस आली. कँटीनजवळचं तिचं पोस्टर मापापेक्षा दोन बोटं मोठं होतं. कॉलेजचा कारभार इंग्रजीत, तशी नोटीसही इंग्रजीत होती, कोरडी, एका ओळीची. पण खाली सही त्याच्या हातची होती. तिनं तो कागद वहीत जपून ठेवला. मग उत्तर लिहिलं की माप कोणत्या पट्टीनं घेतलं ते उमेदवाराला कळावं. संध्याकाळी उत्तर आलं – भूमिती पेटीतल्या पट्टीनं, दोनदा. तिनं पुन्हा विचारलं, दोनदा का? त्यावर उत्तर आलं की पहिल्या वेळी अधिकाऱ्याचं लक्ष नव्हतं.

ते वाक्य तिनं किती वेळा वाचलं असेल!

कृष्णमूर्ती सरांनी बसवंतच्या तिन्ही कागदांच्या प्रती शांतपणे फाईलला लावल्या.

मग सहा दिवस काहीच आलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून तिला वाटे, पाऊण तास बोललेल्या मुलाचा आवाज असा किती दिवस आठवत राहणार? शब्द आठवत होते, हेल मात्र रोज थोडा पुसट होत होता. तिला त्याचीच धास्ती वाटू लागली. बाराव्या दिवशी तिनं वेड्यासारखं एक काम केलं. ग्रंथालयाच्या दारावर, जिथं काहीही लावायला सक्त मनाई होती, तिथं स्वतःचं पोस्टर चिकटवलं.

दुसरी नोटीस तासाभरात आली. या वेळी ओळी तीन होत्या. तिसऱ्या नोटिशीला उमेदवारी रद्द होते, हे उमेदवारानं लक्षात घ्यावं. तशी वेळ अधिकाऱ्यावर आणू नये. आणि शेवटी, छापील मजकुरात कधी नसतो असा एकच शब्द – प्लीज.

शाल्मली ग्रंथालयाच्या पायरीवर बसली. तो चिडला नव्हता, घाबरला होता. तिच्यासाठी घाबरला होता. तिनं उठून पोस्टर काढलं आणि पुढचे सहा दिवस एकही चूक केली नाही. वर्गात बोलताना तो हात वर झाला की वाक्य पुरं करून, मुलांचे आभार मानून ती खाली उतरे. दारातून बाहेर पडताना दोघांमध्ये वीतभर अंतर असे. त्या वीतभर अंतरातून ती रोज जात होती.

मतदान झालं. मोजणी सरांच्या खोलीत होती. शाल्मली, निहार, मनस्विनी, ऑफिसातल्या धनलक्ष्मी अक्का, सर, आणि मतपत्रिका मोजणारा बसवंत. त्यानं एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग सरांनी मोजल्या.

तीनशे अठरा. तीनशे अठरा.

सरांनी पुस्तिका उघडून पंधरावा नियम वाचून दाखवला. मतं समसमान झाली तर निर्णायक मत निवडणूक अधिकाऱ्यानं द्यावं.

मनस्विनीनं तिचा हात घट्ट दाबला. शाल्मलीनं वर पाहिलं, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा बसवंतही सरळ तिच्याकडे बघत होता. तिला कळलं, आपण जिंकलो. आणि आपल्याला ते मत किती हवंय हे कळून तिची तिलाच भीती वाटली.

"मी मत देणार नाही, सर," बसवंत म्हणाला.

मनस्विनीची पकड सैल झाली.

सर म्हणाले की नाकारता येतं, पण कारण लेखी द्यावं लागेल, आणि ते दोन्ही उमेदवारांना वाचून दाखवावं लागेल. बसवंतनं कागद ओढला. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली तेवढाही आवाज ऐकू आला. मग त्यानं भरभर दोन ओळी लिहून कागद सरांपुढे सारला.

सरांनी चष्मा लावला. कागद इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा – दोन उमेदवारांपैकी एकाविषयी माझं मन तटस्थ नाही. म्हणून हे मत मी देणं योग्य होणार नाही.

सरांनी कागद फाईलला लावला.

"सर," निहार अगदी गंभीरपणे म्हणाला, "तो उमेदवार मी नाही ना, एवढं विचारून घ्या."

धनलक्ष्मी अक्का पदराआड हसल्या. सरही हसले. बसवंतचे कान लाल झाले होते. त्यानं मान वर केली नाही.

मग चिठ्ठ्या टाकल्या. सरांच्या जेवणाच्या डब्यातून अक्कांनी डोळे मिटून एक उचलली. शाल्मलीचं नाव निघालं. निहारनं हात मिळवला, मनस्विनीनं मिठी मारली, दाराबाहेर ढोल वाजू लागला. आणि त्या सगळ्या खांद्यांवरून शाल्मलीनं पाहिलं तर बसवंत निकालावर सही करून मागच्या जिन्यानं निघून गेला होता. आता बोलायला कुठलाच नियम आड नव्हता. पण त्याचा नंबर अजूनही तिच्याकडे नव्हता.

घरी जाताना फोनवर अभिनंदनांचा पाऊस पडत होता. तिच्या मनात एकच प्रश्न होता. त्यानं ते फाईलला सांगितलं, सरांना सांगितलं, निहारलाही सांगितलं. मला कुठे सांगितलं?

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं कार्यभार घेतला. वर्गप्रतिनिधींची पहिली सभा लगेचच होती. तीस जण. पहिला विषय पंधरा मिनिटांच्या सवलतीचा. तिनं कागद उलगडला, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्यानं विचारलं, निवडणूक अधिकाऱ्यानं काय लिहिलं ते सगळ्या कॉलेजला कळलंय, अध्यक्षांना त्यावर काही म्हणायचंय का? शाल्मली उभी राहिली, थोडंसं बोलली आणि बसली. सभा दीड तास चालली.

सभा संपवून ती त्याला शोधायला निघाली. तो रसायनशाळेमागच्या भिंतीशी सापडला. निवडणुकीनंतर चोवीस तासांत भिंती साफ करणं हेही अधिकाऱ्याचंच काम. पायाशी बादली, हातात पत्र्याची पट्टी. वाळलेली खळ तो खरवडत होता. बारीक पाऊस होता, तरी तो आडोशाला गेला नव्हता.

"अभिनंदन," तो भिंतीकडे बघून म्हणाला. तोच हेल. तिला वाटलं, किती पुसट झाला होता, आणि किती पटकन परत आला.

"पळालास का?"

"लोक बोलतील. चिठ्ठीवर निवडून आलीस, तरी माझ्यामुळे आलीस म्हणतील." पट्टी एकाच जागी फिरत होती. "मी ठरवलंय. तुझं वर्ष संपू दे. तोवर लांब राहतो. मला जमतं ते."

"मला नाही जमत," शाल्मली म्हणाली. बादलीतली दुसरी पट्टी उचलून ती त्याच्या शेजारी उभी राहिली. "सभेत विचारलं मला तुझ्याबद्दल."

पट्टी थांबली. "मग?"

"मी म्हटलं, त्याच्या हातात एक मत होतं, ते त्यानं मला दिलं नाही. आणि तटस्थ तर मीही नव्हते... मला फक्त कुणी लिहून मागितलं नाही."

बसवंतनं वळून पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, पावसाचंच बहुधा.

"आणि सभा काय म्हणाली?"

"पुढचा विषय घ्या म्हणाली."

तो हसला. या वेळी खाली न बघता. मग हसणं ओसरलं. अठरा दिवस साठलेलं सगळं ओठांशी येऊन तिथंच अडून राहिलं.

"मला तू आवडतेस," तो शेवटी म्हणाला, हळूच, भिंतीला नाही, तिलाच. "लिहिताना सोपं होतं."

"कळलं," ती म्हणाली. तिला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, पण आधी त्याचा आवाज ऐकायचा होता. "आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लंस, तिथून सुरू कर."

"उप्पीट," तो म्हणाला. "मामीनं केलं होतं. मीठ जरा जास्त झालं होतं, पण मामा काही बोलले नाहीत, म्हणून मग मीही..."

तो सांगत राहिला. शाल्मली ओल्या कागदाचा कोपरा नखानं सोडवत ऐकत होती, आणि तो थांबू नये म्हणून मधेमधे विचारत होती. मग? मग मामी काय म्हणाल्या?