तेतुआनच्या आईची बोली

गिझलाननं वासिफला होकार दिला. पण ही बातमी अजून कुणालाच ठाऊक नाही, खुद्द वासिफलाही नाही. तेव्हा आपणही ती ऐकलीच नाही, असं धरून चालू.

अम्मानमध्ये हिवाळ्यातला बारीक पाऊस पडत होता. वेबदे भागाच्या चढावर सामायिक टॅक्सी धापा टाकत निघाली होती. वासिफच्या शेजारी बसलेली मुलगी ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. कुणालाच कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली.

"ताई, अरबी येतं का?" ड्रायव्हरनं आरशात बघत विचारलं.

"अरबीच बोलतेय!"

मग तिनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि इजिप्तच्या जुन्या सिनेमातल्या नायिकेच्या सुरात टाहो फोडला, "थांबव रे निर्दया! उतरू दे मला माझ्या नशिबापाशी!"

टॅक्सी जागच्या जागी थांबली. वासिफचं घर अजून बरंच वर होतं, पण त्याचंही नशीब तिथंच असावं... तोही उतरला.

गिझलान मोरोक्कोच्या तेतुआन गावची. एका हस्तकला केंद्रात भरतकाम शिकवायला वर्षाच्या करारावर आलेली. तिची बोली अम्मानमध्ये कुणाला कळेना. अर्धे स्वर ती गिळायची. इजिप्तची बोली मात्र सगळ्यांना कळते, आणि ती तिनं सिनेमे बघून उचलली होती. त्यामुळे ती मीठ मागायची तेही कुणीतरी मरणाच्या दारात असल्यासारखं.

म्हणून वसंतात एका संध्याकाळी, चहाचा पेला हातात धरून, ती "तुझ्यावाचून माझं जगणं म्हणजे काळोख!" म्हणाली, तेव्हा वासिफनं आधी आजूबाजूला कॅमेरा शोधला.

"खरं की सिनेमा?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं... तुझ्या बोलीत सांग."

"कळणार नाही तुला."

"शिकेन."

"शिक मग," ती पेल्याआडून हसली. "तोवर मी गप्प."

वासिफ चष्म्याचं दुकान बंद करून थेट भाषावर्गात गेला. तिथल्या बाईंनी उत्साहानं विचारलं, "कुठली हवी? आखाती घ्या, नोकरी लागते. इजिप्तची घ्या, मित्र मिळतात. आपली इकडची शामी बोली शिकायला तर परदेशी लोक रांग लावतात."

"मोरोक्कोची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलगी आहे?"

"हो."

"मग तिलाच शामी शिकवा ना! तुम्ही कशाला जीव काढताय?"

"ती रागावते तिच्या बोलीत. टाके मोजते, देवाला हाक मारते तिच्याच बोलीत. मला... तिथं जायचंय."

"तिथं आमचा वर्ग नाही," बाई हळूच म्हणाल्या.

शेवटी गिझलाननंच तिच्या आईचे आवाजी निरोप त्याला पाठवायला सुरुवात केली. त्यात गुपित काही नव्हतं. सार्डिन मासे महागले, शेजारणीनं दाराला भलताच रंग दिला, एवढंच. वासिफ ते कानाला लावून काचा घासायचा आणि पुटपुटायचा. एकदा एका आजोबांना चष्मा देता देता त्यानं "स्वेटर घाल रे बाळा" असंही सुनावलं.

करार संपत आला. वेबदेच्या दगडी पायऱ्यांवर गिझलान भेटायला आली. वासिफनं घसा साफ केला.

"पोरी, जेवलीस का गं? चेहरा किती उतरलाय! घराला करमत नाही गं तुझ्याविना, माझ्या काळजा... आह!"

स्वर अगदी बरोबर गिळले होते. फक्त आवाज तेतुआनच्या साठीतल्या विधवेचा होता. दर वाक्याला गुडघा धरून आई जे 'आह' करायची, तेही त्यानं व्याकरण समजून पाठ केलं होतं.

गिझलान हसता हसता पायरीवर बसली. मग ते हसू कुठं गेलं कळलं नाही. तिनं ओढणीनं डोळे टिपले.

"करार वाढवून मिळतोय," ती म्हणाली. "थांबते, हे सांगायला आले होते."

"आणि आता?"

"आता जावं लागेल. वर्षभर मी आईला कामाच्या गडबडीत ऐकत होते, वासिफ. ती एकटी पडलीय... हे तुझ्या तोंडून कळलं."

वासिफला आपली जीभ गिळावीशी वाटली. 'मी येतो' हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच थांबले. त्याच्याही घरी एक आई होती, आणि तिचेही गुडघे तीच भाषा बोलत.

गिझलान त्याच्या कानाशी वाकली. सूर नाही, टाहो नाही. स्वतःच्या बोलीत, टाके मोजताना बोलायची तशी हलकेच म्हणाली, "हो. मला तूच हवायस."

सगळं कळलं त्याला. एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही.

ती गेली. आता वासिफला रोज निरोप येतात, एक तिचा आणि एक तिच्या आईचा. दोघी विचारतात, जेवलास का. तो दोघींना खोटं सांगतो.

तरी नकाशे बनवणाऱ्या संबंधित खात्यास सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदाराने सदर बोली पूर्णपणे आत्मसात केली असल्याने अम्मान व तेतुआन यांमध्ये एवढे अंतर ठेवण्याचे कोणतेही कारण आता उरलेले नाही. सबब, ते संध्याकाळच्या चहाला चालत जाता येईल इतपत कमी करून, तसे अर्जदारास लेखी कळवण्यात यावे.