तीनशे डाव्या चपला

पाकिटातून एक चप्पल निघाली. डावी. टाचेत आरपार भोक.

कस्टम इन्स्पेक्टर नेसरीकरांनी सोबतचं पत्र उलगडलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून नेहमीसारखा टेबलावरचा लोखंडी पंच त्यावर ठेवला आणि वाचायला लागले. जर्मनीतल्या बंदरावरच्या कस्टमचं पत्र होतं. कोल्हापूरहून आलेल्या तीनशे जोडांतल्या एकूण एक डाव्या चपलेला असंच भोक आहे. गिऱ्हाइकानं माल नाकारला. खोक्यांवरचं सील मात्र शाबूत होतं.

ते सील नेसरीकरांनीच ठोकलं होतं. चौऱ्याहत्तर साल होतं. एका कस्टमनं दुसऱ्याच्या सीलवर विश्वास ठेवायचा, वाटेत खोकी उघडायची नाहीत, माल झटपट जाऊ द्यायचा, अशी नवी सोय झाली होती. सोय झकास. पण तिचा अर्थ सरळ होता: भोकं सील ठोकायच्या आधी, कोल्हापुरातच पडली होती.

चपलांचे व्यापारी गणपतराव यांना गिऱ्हाइकाची तार आधीच मिळाली होती. त्यांनी पोलिसांत तक्रार केली आणि खोकी बनवणारा सुतार सिकंदर उचलला गेला. नेसरीकर चौकीत पोचले तेव्हा फौजदारांचं काम चालू होतं.

"माल तुझ्या शेडात किती वेळ होता?"

"दीड दिस, सायेब."

"हे भोकं पाडायचं गिरमिट तुझंच?"

"माझंच की. सुताराकडं गिरमिट असनारच न्हवं?"

"भोकं कुणाच्या सांगण्यावरनं पाडलीस?"

"न्हाई पाडली. किती बार सांगू?"

सिकंदरनं उजवा हात छातीशी धरला होता. मनगटापासून बोटांपर्यंत सुजलेला. नेसरीकरांनी तो पाहिला, आणि फौजदार खिडकीबाहेर पाहू लागले.

पायरीवर त्याची बायको मदिना दोन दिवस बसून होती. "सायेब, त्यो हातच आमची भाकरी हाय. सोडवा त्येंना."

पोलिसांना अडवायचा अधिकार नेसरीकरांना नव्हता. धीर तर मुळीच नव्हता. त्यांनी फक्त गिरमिट मागून घेतलं आणि एका जुन्या तळव्यात फिरवून पाहिलं. चामडं फाटलं, कडेला तुसं निघाली. परत आलेल्या चपलेचं भोक मात्र गोल, स्वच्छ होतं आणि त्याची कड मेण घासून चकचकीत केलेली होती.

खोडसाळपणा करणारा माणूस भोकाला मेण कशाला घासेल?

ते थेट आकारामच्या घरी गेले. चपला त्यानं बनवल्या होत्या.

"आकाराम, माल कशावरून बनवलात?"

"नमुन्यावरनं. गनपतरावांनी दिला. म्हनलं, परदेशातल्या सायबानं पसंत करून धाडलाय. हुबेहूब असाच पायजे, एका टाक्याचा फरक चालनार न्हाई."

नमुन्याचा जोड भिंतीला खिळ्यावर होता. नेसरीकरांनी डावी चप्पल काढली, उलटी केली आणि टाचेवरून बोट फिरवलं.

"ही घेऊन चौकीत चला," ते म्हणाले. "वाटेत माझ्या ऑफिसातनं एक वस्तू घ्यायची आहे."

चौकीत गणपतरावांनाही बोलावलं. नेसरीकरांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या: जर्मनीहून आलेली चप्पल, नमुन्याची चप्पल आणि ऑफिसातल्या टेबलावरचा, भोकं पाडायचा लोखंडी पंच.

"भोकं आकारामनं पाडली."

फौजदार उठले.

"बसा. नमुना बघा. त्यालाही त्याच जागी भोक आहे."

आकाराम गोंधळून म्हणाला, "व्हय की. नमुना मीच बनवून दिला तवा भोक न्हवतं. परत आला तवा हुतं. म्हंजे गिऱ्हाइकाला भोक पायजेच न्हवं? तिकडं पाय घामेजत असत्याल म्हटलं."

"पण नमुन्याला भोक पाडलं कुणी?" गणपतरावांनी विचारलं.

नेसरीकरांनी पंच भोकात घातला. नेमका बसला.

"मी. नमुना विकता येऊ नये असा निकामी करून धाडला की त्यावर तिकडं जकात लागत नाही. व्यापार सोपा व्हावा म्हणून देशांनी मिळून केलेला नियम. तुमचा कारकून नमुना घेऊन आला होता, अर्जावर सही तुमची आहे. वर्षभरात असे शंभरेक नमुने मी टोचले. हा आठवलाच नाही. आकारामला कुणी सांगितलं नाही. आणि सील ठोकताना मी खोकं उघडलं होतं. जोड तळाला तळ लावून बांधलेले, उजवी वर, डावी खाली. वरचे पट्टे बघितले आणि सही केली."

गणपतराव निघून गेले. आकाराम त्या चपलेच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"तीनशे भोकं पाडली, सायेब. एक बी वाकडं न्हाई."

फौजदारांनी पेन उघडलं. "गुन्हेगार म्हणून नाव कुणाचं लिहू?"

"माझं लिहा."

"कलम कुठलं?"

अशा चुकीला कलम नव्हतं. फौजदारांनी पेन बंद केलं आणि सिकंदरला सोडलं. गिरमिट परत मिळाल्याची सही त्याला करता आली नाही. डाव्या हाताचा अंगठा घेतला. गिरमिट उजव्या हातात दिलं तर बोटं मिटेनात. ते फरशीवर पडलं.

"चूक माझी होती, सिकंदर," नेसरीकर म्हणाले.

सिकंदरनं त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात रागसुद्धा नव्हता.

"मग तुमाला का न्हाई उचललं, सायेब?"

मदिनानं वाकून गिरमिट उचललं, पदरात गुंडाळलं आणि नवऱ्याचा डावा हात धरून ती पायऱ्या उतरू लागली.