आपण वैजयंती नाही

भाजीची पिशवी एका हातात सांभाळत वैजयंती पेंढारकरने मोबाइल दाराच्या कुलपासमोर धरला. कुलूप उघडलं नाही. मोबाइलवर अक्षरं उमटली : 'माफ करा, आपण वैजयंती नाही.'

तिने मोबाइल पदराने पुसून पुन्हा धरला. पुन्हा तेच. तेवढ्यात बँकेचं खातं गोठवल्याचा निरोप आला, पाठोपाठ दवाखान्याचा, मग विजेचा. उभ्या उभ्या ती स्वतःच्याच आयुष्यातून बाहेर काढली गेली.

पासवर्ड आणि ओटीपी बंद झाले, तेव्हा सगळ्यांसारखी तीही खूश झाली होती. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, शिवाय जुना पासवर्ड चालणार नाही. आणि ओटीपी येईपर्यंत वेळ संपलेली! लोक विटले होते. मग 'सवयमुद्रा' आली. माणूस कसा चालतो, टाइप करताना कुठे अडखळतो, कुणाला कधी फोन करतो, यावरून मोबाइलच आपल्या मालकाला ओळखू लागला. बोटाचा ठसा चोरता येतो, स्वभाव कोण चोरणार?

पण वैजयंती बदलली होती. लेकीचं लग्न झाल्यावर, चार महिन्यांपूर्वी, ती सांगलीचं घर आणि नवरा सोडून मिरजेत दोन खोल्या घेऊन एकटी राहू लागली होती.

सवयमुद्रा केंद्रात रुबिना मुजावर नावाच्या तरुण मुलीने तिची माहिती पडद्यावर उघडली.

"काकू, पूर्वी तुमच्या प्रत्येक मेसेजमध्ये 'सॉरी' असायचं. आता शोधूनही सापडत नाही. काहीही विकत घेण्याआधी एकाच नंबरवर फोन जायचा, तोही बंद. चालसुद्धा भरभर झालीय."

"तो नंबर माझ्या नवऱ्याचा."

"यंत्राला वाटतंय, मोबाइल दुसऱ्याच बाईच्या हाती पडलाय. पूर्वीसारखं वागून मुद्रा जुळवून द्या. नाहीतर नवीन व्यक्ती म्हणून नोंद करावी लागेल. पण मग जुनं काहीच तुमच्या नावावर राहणार नाही."

नोंदीत साक्षीदार म्हणून नवऱ्याचं, श्रीनिवासचं नाव होतं. यंत्राने त्याला परस्पर कळवलं होतं आणि तो सांगलीहून येऊनही बसला होता.

"वैजू, थोडे दिवस घरी चल," तो म्हणाला. "नेहमीसारखी वाग. सगळं सुरळीत झालं की मग तुला हवं ते कर." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जड गेलं.

"घरी कशाला?" रुबिना म्हणाली. "इथेच पूर्वीसारखं लिहून दाखवा, काकू. पडद्यावरची ही रेघ पूर्ण भरली की मुद्रा जुळली, काम झालं."

वैजयंती लिहू लागली. 'सॉरी, उशीर होतोय. सॉरी, रागावू नका. तुम्ही सांगाल तसं करते.' हिरवी रेघ सरसर पुढे सरकली. खांदे आपोआप आखडले, मान खाली गेली.

"बघ, जमतंय की!" श्रीनिवास हसला.

रेघ जवळजवळ भरली होती. हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. अजून एक ओळ लिहिली, की दार उघडणार होतं.

तिने सगळं पुसलं आणि लिहिलं, 'मी येणार नाही.' रेघ झर्रकन मागे गेली.

"अहो काकू, झालंच होतं!"

"म्हणूनच पुसलं."

"मग नवीन व्यक्ती म्हणून नोंदवू?"

"नवीन कशी? लेक माझी, नोकरी माझी, इतकी वर्षं सॉरी म्हणणारीही मीच. तेव्हा तशी होते, आता अशी आहे. एवढं लिहून घ्या."

"असा रकानाच नाही."

"मग तो होईपर्यंत मी इथून उठत नाही."

"लोक बघतायत, वैजू," श्रीनिवास पुटपुटला.

"बघू देत. तुम्ही निघा. तुमची साक्ष नको मला." तो क्षणभर घुटमळला आणि निघून गेला.

रांगेतला एक उंच माणूस पुढे आला. "ताई, मी दारू सोडली. हाताची थरथर गेली, तर मोबाइल ओळखेना. आता याच्यासाठी परत प्यायची का?" तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पायाच्या ऑपरेशननंतर लंगडणं थांबलेली एक बाईही येऊन बसली. हळूहळू रांग मोडली आणि खुर्च्या भरल्या.

रुबिनाने घाबरून मुख्य कार्यालयाला फोन लावला. अधिकाऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "उद्या चोरही म्हणेल, मी बदललोय! लोकांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. खऱ्या माणसाच्या सवयी अशा बदलत नसतात."

रुबिनाने फोन वैजयंतीपुढे सरकवला.

"साहेब, चोर पकडायचं काम तुमचं, ते जरूर करा," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण कापत नव्हता. "त्यासाठी आम्ही जन्मभर एकसारखंच राहायचं, हे चालणार नाही. आणि एक सांगा, तुम्हाला आजवर एकदाही बदलावंसं वाटलं नाही?"

पलीकडे साहेबांनी फोन ठेवला नाही.